कोऱ्या कागदावरचा हक्क

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की 'याला येरवड्याला नेलं पाहिजे' असं म्हणायची जुनी रीत आहे. येरवड्यात तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. यांतलं कोणतं ते बोलणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. कायद्याची समजूतही बराच काळ याहून फार वेगळी नव्हती. १९१२ सालचा इंग्रजांचा 'लुनसी ॲक्ट' हा मुख्यतः माणसाला भिंतीआड कसं ठेवायचं हे सांगणारा कायदा होता. त्याच्या जागी १९८७ साली आलेला मानसिक आरोग्य कायदा भाषेने सौम्य होता, पण त्याचीही बरीच पानं दाखल करणं, ठेवून घेणं आणि सोडणं यांतच खर्च झाली. संसदेने २०१७ साली मंजूर केलेला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र वेगळ्या जागेवरून सुरू होतो. सरकारचं काय कर्तव्य आणि रुग्णाचा काय हक्क, हे तो आधी सांगतो. अशा कायद्याची परीक्षा सुशिक्षित, पैसेवाल्या, चार नातेवाईक पाठीशी असलेल्या रुग्णावर करण्यात फारसा अर्थ नाही. तो कायद्याविनाही तरून जातो. परीक्षा घ्यायची तर ती बुधवार पेठेत घ्यावी.

दगडूशेठ हलवाई गणपती, ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, तपकीर गल्लीतला विजेच्या सामानाचा बाजार आणि या सगळ्यापासून हाकेच्या अंतरावर देहविक्रय करणाऱ्या महिलांची वस्ती, असं सगळं या एका पेठेत आहे. वस्तीतल्या अनेक बायका दूरच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून, पश्चिम बंगालमधून, काही नेपाळमधून आलेल्या. पुष्कळदा नाव बदललेलं, कागदपत्रं नाहीत, गावाशी संबंध तुटलेले किंवा फक्त पैसे पाठवण्यापुरते उरलेले. या व्यवसायातल्या स्त्रियांमध्ये नैराश्य, आघातानंतर मनावर राहणारा ताण आणि दारूचं व्यसन यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे देशोदेशीच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि ते कळायला खरं तर अभ्यासाची गरज नाही. पण आपली सारी आरोग्यव्यवस्था एक गोष्ट गृहीत धरून उभी आहे: रुग्णाला घर आहे. सरकारी दवाखान्यात पहिला प्रश्न 'काय होतंय?' असा नसतो, 'सोबत कोण आहे?' असा असतो. पेठेतल्या बाईकडे नेमकं याच प्रश्नाला उत्तर नसतं. नव्या कायद्यात या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे, आणि ते तिच्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कुणीच नीट उचललेली नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

आधी दोन साध्या तरतुदी. मानसिक आजार ठरवताना माणसाची सामाजिक किंवा आर्थिक स्थिती, किंवा समाजाच्या नैतिक आणि सांस्कृतिक कल्पनांशी त्याचं न जुळणं, हा आधार धरायचा नाही, असं कलम ३ स्पष्ट बजावतं. बाई हा व्यवसाय करते म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर नसणार, हा तर्क डॉक्टरलाही करता येत नाही आणि न्यायालयालाही नाही. दुसरी तरतूद कलम १८ मधली: दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार किंवा बेघर माणसाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या केंद्रांत मोफत उपचार मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठी पिवळं कार्ड हातात असण्याची अट नाही. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही या कायद्याच्या व्याख्येत येतात, हे इथे विशेष महत्त्वाचं. कारण पेठेत आजार बहुधा बाटलीच्या आडून दिसतो आणि 'पिते म्हणून अशी वागते' एवढ्यावर विषय संपतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं आढळलं की वेगवेगळ्या आजारांनुसार ७० ते ९२ टक्के गरजूंपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सर्वसाधारण, घरदार असलेल्या लोकसंख्येची ही स्थिती. या गल्ल्यांतली त्याहून बरी असेल असं मानायला काही आधार नाही.

आता मुख्य गोष्ट. कायद्याच्या कलम १४ नुसार कोणत्याही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. त्यासाठी मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर प्रतिनिधीचं नाव लिहायचं, खाली सही करायची किंवा अंगठा उठवायचा, आणि त्या प्रतिनिधीची लेखी संमती घ्यायची. अप्पा बळवंत चौकात रिमांनी विकला जाणारा कागद यासाठी पुरतो. हा प्रतिनिधी नात्यातला असावा अशी अट नाही. त्याला आजाराची आणि उपचारांची माहिती मागता येते, उपचारांचे निर्णय घेताना रुग्णाला मदत करता येते, गरज पडल्यास दाखल करण्यासाठी अर्ज करता येतो, सुटकेसाठी आणि हक्कभंगाविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. कागद केलाच नसेल तर कायदा एक क्रम लावतो: आधी नातेवाईक, मग सोबत राहून काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, आणि कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचा अधिकारी. या क्रमाचा पेठेतला अर्थ नीट पाहायला हवा. ज्या भावाने बहिणीला घराबाहेर काढलं, तो कायद्याच्या नजरेत तिच्या शेजारच्या खोलीत राहून पंधरा वर्षं तिच्या तापाला पट्ट्या ठेवणाऱ्या मैत्रिणीच्या पुढे उभा राहतो. एका कागदाने हा क्रम बदलतो. ज्याला सख्खं कुणी नाही त्याला सख्खं माणूस कायद्याने निवडता यावं, अशी सोय आपल्या फार थोड्या कायद्यांत आहे. भविष्यात आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचीही तरतूद आहे, पण तिची प्रक्रिया लांबची आहे. ती तूर्त बाजूला ठेवली तरी चालेल.

इथे एक रास्त शंका निघेल. बाईचं मुखत्यारपण असं कुणालाही देता आलं तर घरवालीच, म्हणजे कोठ्याची मालकीणच, प्रतिनिधी होऊन बसणार नाही का? कर्जात अडकलेली बाई घरवालीने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवणारच. धोका खरा आहे, आणि तो नाकारणाऱ्याला पेठ ठाऊक नाही असंच म्हणावं लागेल. पण कायद्याने त्याला दोन कुलपं लावली आहेत. नेमणूक केव्हाही, कारण न देता, रद्द करता किंवा बदलता येते. आणि स्त्रीला तिच्या संमतीविना दाखल केलं तर तीन दिवसांत मंडळाला कळवण्याचं बंधन रुग्णालयावर आहे. इतर सज्ञानांसाठी ही मुदत सात दिवसांची आहे. आणि हे सारं झालं नाही तरी आज घडतं काय? आज कुणीही प्रतिनिधी नसतं, आणि प्रत्यक्षात निर्णय घरवालीच घेते. लेखी प्रतिनिधीला निदान जबाब विचारता येतो.

दुसरी शंका जास्त मूलभूत आहे. ज्याचं मनच आजारी, त्याने निर्णय कसे घ्यायचे? या प्रश्नावरचा देशातला कदाचित सर्वांत गंभीर वाद पुण्यातच झाला, याची पुण्याला फारशी खबर नाही. या कायद्याच्या मसुद्यात डॉ. सौमित्र पाठारे यांचा महत्त्वाचा वाटा होता. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रातून ते काम करतात. 'बापू ट्रस्ट'च्या भार्गवी दावर यांनी पुण्याच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम उभं केलं, आणि या कायद्यावर कठोर टीकाही केली. भारताने २००७ साली मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार प्रत्येकाला पूर्ण कायदेशीर क्षमता देतो, तर हा कायदा संमतीविना दाखल करण्याची वाट मोकळी ठेवतो, हा त्यांचा आक्षेप. दावर २०२४ मध्ये गेल्या. आक्षेप अजून जागच्या जागी आहे. माझ्या मते तात्त्विक बाजू दावर यांची भक्कम आहे. पण व्यवहारात हा कायदा जे देतो तेही कमी नाही. प्रत्येक माणूस आपल्या उपचारांविषयी निर्णय घ्यायला समर्थ आहे असं तो गृहीत धरतो. तसं नाही असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. माहिती समजणं, परिणामांची जाणीव असणं, किंवा बोलून, खुणेने, कसंही आपला निर्णय सांगता येणं, यांवर क्षमता ठरते. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. संमतीविना, कायद्याच्या भाषेत 'आधार देऊन', दाखल करण्यालाही ३० दिवसांची मर्यादा आहे, आणि पुढे जायचं तर मंडळाची परवानगी लागते.

पेठेतल्या बाईची व्यवस्थेशी पहिली गाठ बहुधा डॉक्टरशी पडत नाही, पोलिसाशी पडते. फरासखाना पोलीस ठाणे इथेच आहे. रस्त्यावर भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक रुग्ण आढळली तर तिला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचं, हे कलम १०० नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. तिला कोठडीत मात्र ठेवता येत नाही. मोफत कायदेशीर मदत मिळू शकते हे तिला सांगण्याची जबाबदारीही कलम २७ पोलीस आणि दंडाधिकाऱ्यांवर टाकतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तर ही बाई एकाच वेळी तीन कारणांनी पात्र ठरते: स्त्री म्हणून, मानसिक रुग्ण म्हणून, आणि तिला फसवून आणलं असेल तर मानवी व्यापाराची बळी म्हणून. उत्पन्नाचा दाखला यांतल्या एकाही कारणासाठी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या महिलांनाही घटनेच्या २१ व्या कलमाखालचं सन्मानाचं जगणं आहे असं बजावलं, राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान महिलांच्या प्रकरणांचा आढावा घ्यायला सांगितलं आणि पत्त्याच्या पुराव्याविना आधार कार्ड देण्याची वाटही काढली. लेकुरवाळ्या बाईसाठी आणखी एक तरतूद आहे, जी दवाखान्यांतही अनेकांना ठाऊक नसते: मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही.

'हे सगळं कागदावर ठीक आहे, सेवा कुठे आहेत?' असा तिसरा आक्षेप येणारच, आणि तो सर्वांत जड आहे. ठाणे, नागपूर, रत्नागिरी आणि येरवडा ही राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. येरवड्यात मंजूर खाटा अडीच हजारांवर. इतक्या मोठ्या भिंती सांभाळणाऱ्या राज्याकडे बरं झालेल्या माणसासाठी छोटं घर मात्र सापडत नाही. घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घ्यायचं नाही, असं कलम १९ म्हणतं आणि अशा लोकांसाठी समाजात राहण्याच्या सोयी उभारण्याचं काम सरकारवर सोपवतं. प्रत्यक्षात काय झालं? महाराष्ट्रात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात असल्याचं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, आणि जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने ते तातडीने थांबवायला सांगितलं. तेव्हा आक्षेपातलं तथ्य मान्य. पण सेवा नाहीत म्हणून हक्क निरुपयोगी, हा निष्कर्ष घाईचा आहे. घर बांधायला पैसे लागतात; प्रतिनिधी नेमायला लागत नाहीत. डोक्यावरचे केस सक्तीने न काढण्याला, स्वतःचे कपडे घालू देण्याला, साखळी न बांधण्याला कसलंही अंदाजपत्रक लागत नाही. शिवाय पुण्यात सगळंच नाही असं नाही. 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'चे स्वमदत गट आहेत, १९८६ पासून 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र आहे, ससूनचा मनोविकार विभाग पेठेपासून फार दूर नाही. पेठेत खुद्द महिलांची 'सहेली' संघटना आहे, 'वंचित विकास'चं जुनं काम आहे. दुवे आहेत, पण ते एकमेकांत अडकवलेले नाहीत. एड्सच्या काळात याच गल्ल्यांत तपासणी, औषधं आणि बाईकडून बाईला माहिती अशी साखळी उभी राहिली होती. मनाच्या आजारासाठी ती जमणार नाही असं म्हणायला काही कारण दिसत नाही.

तोवर वाचकांपैकी कुणाला कामी पडेल म्हणून दोन क्रमांक: मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर मिळते, मराठीतही, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. राहिली विनंती, ती पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि महापालिकेला. शिवाजीनगरच्या न्यायालयातून बुधवार पेठ फार लांब नाही. आठवड्यातून एक दिवस, हवं तर बुधवारीच, पेठेत एक टेबल मांडावं. एक वकील, एक समुपदेशक, शाईचा पॅड आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा, एवढंच सामान लागेल.