विजेची उसनवारी

शेजारधर्मांत उसनवारीला मोठें स्थान आहे. वाटीभर साखर नेली तर वाटीभर साखर परत करावयाची. मधल्या काळांत बाजारांत साखर महाग झाली कीं स्वस्त, याची चौकशी कोणी करीत नाहीं. ज्या घरांच्या गच्चीवर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण होते, त्या घरांचा वीज कंपनीशीं होणारा व्यवहार पुष्कळसा याच जातीचा आहे. त्याला ‘नेट मीटरिंग’ म्हणतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें त्यासंबंधीं पहिले नियम २०१५ सालीं केले आणि २०१९ सालीं त्यांच्या जागीं नवे, अधिक विस्तृत नियम आणले. परंतु उसनवारीच्या या व्यवहारास कांहीं मर्यादा आहेत, आणि त्या न जाणतां पैसा गुंतविणारा गृहस्थ पुढें हिरमुसला होतो.

या व्यवहाराची गरज कां पडते, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सूर्याचें वेळापत्रक आणि संसाराचें वेळापत्रक जुळत नाहीं. भर दुपारीं पॅनेलें सर्वांत अधिक वीज देतात, आणि नेमकीं त्याच वेळीं माणसें कचेरींत व मुलें शाळेंत असतात. दिवे, पंखे, दूरदर्शन यांची गरज लागते ती दिवस मावळल्यावर. दुपारची वीज रात्रींसाठीं सांठवावयाची तर बॅटऱ्या हव्यात, आणि त्यांचा खर्च मोठा. म्हणून उरलेली वीज रस्त्यावरच्या तारांत सोडावयाची व रात्रीं तितकीच परत घ्यावयाची, अशी ही योजना आहे. घराच्या वेशीवर बसविलेला मीटर आलेली व गेलेली वीज वेगवेगळी मोजतो. बिल होतें तें या दोहोंतील फरकाचें.

एका कुटुंबाचा हिशेब मांडला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. महाराष्ट्रांत एक किलोवॉटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवसांत रोज सुमारें ४ युनिट वीज देतो. त्याला अंदाजें १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. समजा, एका घरावर ३ किलोवॉटचा संच आहे. रोजची निर्मिती १२ युनिट. त्यांपैकीं ३ युनिट दिवसां घरांतच खर्च झाले. ९ बाहेर गेले. रात्रीं ७ युनिट बाहेरून घेतले. म्हणजे रोज २ युनिट जमा, आणि तीस दिवसांत ६० युनिट जमा. ही जमा पुढील महिन्याच्या बिलांत ओढली जाते. आषाढ-श्रावणांत आभाळ भरून येतें व निर्मिती घटते, तेव्हां ती उपयोगी पडते. मात्र स्थिर आकार प्रत्येक महिन्यास भरावाच लागतो. तारांचा व खांबांचा उपयोग चालूच असतो.

यांतील पहिली मर्यादा पंचांगाची आहे. ही खातेवही १ एप्रिलला उघडते आणि ३१ मार्चला मिटते. त्या दिवशीं जी जमा शिल्लक असेल, ती युनिटच्या रूपानें पुढें जात नाहीं. आयोगानें ठरविलेल्या दरानें तिचे पैसे पुढील बिलांत वळते होतात. हा दर ग्राहक स्वतः वरच्या टप्प्यांत मोजतो त्या दराहून पुष्कळच कमी असतो. थंडींत पंखे बंद व ऊन स्वच्छ, म्हणून फेब्रुवारी-मार्चांत जमा वाढते. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यांत तिची खरी गरज लागावी, तोंच वही कोरी झालेली असते. म्हणून गच्ची मोठी आहे एवढ्यासाठींच मोठा संच बसविणें हा शहाणपणा नव्हे. शिवाय संचाची क्षमता मंजूर भाराहून अधिक असतां कामा नये, असाहि नियम आहे.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या पायऱ्यांनीं चढत जातो. ३५० युनिट वापरणाऱ्या घरानें १५० युनिट वाचविले, तर त्यांतील ५० तिसऱ्या पायरीवरचे, म्हणजे महागाचे असतात आणि १०० दुसऱ्या पायरीवरचे. पहिल्या पायरीवरची वीज मुळांतच स्वस्त असते. म्हणून ज्या घराचा वापर अधिक, त्यास लाभ अधिक. जेमतेम ८० युनिट जाळणाऱ्या घरास भांडवल परत मिळण्यास पुष्कळ वर्षें लागतात. ही उणीव भरून काढण्यास सरकारी साहाय्याचा उपयोग होतो. केंद्र सरकारनें २०२४ सालीं मंजूर केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेंत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें.

तिसऱ्या गोष्टीविषयीं गैरसमज फार आहे. रस्त्यावरची वीज गेली कीं साधा संच असलेल्या घरांतहि अंधार होतो, मग बाहेर लख्ख ऊन कां असेना! तारा दुरुस्त करण्यास खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर एखाद्या गच्चीवरची वीज येऊं नये, यासाठीं इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो. वीज गेल्यावरहि दिवे हवे असतील, तर बॅटरीची निराळी सोय करावी लागते.

आतां वादाचा मुद्दा. उसनी दिलेली वीज कोठल्याहि पेंवांत भरून ठेवलेली नसते. ती त्याच क्षणीं शेजारपाजारच्या घरांत खर्च होते. रात्रीं परत मिळते ती दूरच्या वीजकेंद्रांत त्या वेळीं निर्माण झालेली, व पुष्कळदां अधिक महाग पडलेली. वीज कंपन्यांचें म्हणणें असें कीं, संपन्न ग्राहकांचें बिल उतरलें म्हणजे तारांचा खर्च अखेर ज्यांना गच्चीच नाहीं त्यांच्यावर पडतो. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, जवळच निर्माण होऊन जवळच खपणारी वीज वाटेंत वाया जात नाहीं, आणि कोळसाहि वांचतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांसाठीं युनिटास युनिट ही पद्धत सोडली व बाहेर दिलेल्या विजेस पुष्कळ कमी मोल ठरविलें. आपल्याकडे केंद्र सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें नेट मीटरिंगची मर्यादा १० किलोवॉटवर आणली होती. ओरड झाल्यावर जून २०२१ मध्यें ती ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकीं जी कमी असेल ती, अशी करण्यांत आली. २०२४ च्या दुरुस्तीनें तर १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांस तांत्रिक तपासणीवांचून मान्यता मिळाली असें समजावें, असें ठरलें.

म्हणजे या उसनवारीची वाटी कायद्यानें ठरविलेली आहे, आणि कायदा तिचा आकार बदलूं शकतो. ज्या गृहस्थास संच बसवावयाचा असेल त्यानें प्रथम गेल्या बारा महिन्यांचीं बिलें पुढें घ्यावीं, वर्षाच्या एकूण युनिटांची बेरीज करावी, आणि त्याहून किंचित् कमीच वीज देणारा संच निवडावा. कपडे धुण्याचें यंत्र, पाण्याचा पंप, इस्त्री हीं कामें दुपारीं उरकावीं. जी वीज स्वतःच्या घरांत उजेडींच खर्च होते, तिला कोणाच्या वहींत जावें लागत नाहीं, आणि उद्यां नियम बदलले तरी तिचें मोल कमी होत नाहीं.