कातडीच्या तुकड्याचा रिपोर्ट उशिरा का येतो?

सावर्डे : बरी न होणारी जखम किंवा बधिर चट्टा असला की डॉक्टर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. हीच बायोप्सी. तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, ३ ते ५ मायक्रॉन, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ कापायचा, रंगवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. यात काही दिवस जातात. रिपोर्टसाठी मजुरी बुडवून दुसरी खेप पडते.

नव्या 'कॉन्फोकल' सूक्ष्मदर्शकात मेण नाही, कापणं नाही. ताज्या तुकड्याला रंग लावून लेझरने बघतात. कातडीच्या काही कॅन्सरचा अंदाज मिनिटांत येतो. आपल्याकडे मात्र अजून जुनीच पद्धत सर्रास आहे.

म्हणून तपासणी टाळू नका. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. उशीर झाला तर हातापायाची बोटं वाकडी होतात.