सुजलेली जीभ आणि गंगाजल

माझ्या भाच्याची मोटारसायकल अहमदपूरजवळ घसरली. डोक्यावर हेल्मेट नव्हते. आम्ही नांदेडहून लातूरला पोचलो, तेव्हा तो श्वासयंत्रावर होता. चौथ्या दिवशी त्याची जीभ सुजून दातांबाहेर आली, जांभळी पडली. बहिणीने पदर तोंडाला लावला. "आता गंगाजल घाला, पोराला घरी न्या," असे वडीलधारे म्हणू लागले. खरे सांगतो, मलाही तसेच वाटले होते.

डॉक्टरांनी चमचा अडवला. मेंदू जिथे मानेच्या कण्यात उतरतो, त्या देठात श्वास, गिळणे आणि जिभेची हालचाल यांची केंद्रे शेजारी-शेजारी असतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी शेवटची जिभेची. तिचे मूळही तिथेच. तिथे मार बसला की कधी जबडा आपोआप आवळतो, जीभ दातांत सापडते, रक्त परतायची वाट अडते. सूज वाढली की पुन्हा चावा. ही सूज म्हणजे मरण नव्हे, पण ती श्वासाची वाट बुजवू शकते. आणि गिळता न येणाऱ्याच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात उतरते, मग ते गंगेचे असो की आमच्या गोदावरीचे!

दातांमध्ये आधार बसवला, जिभेवर ओली पट्टी ठेवली, गळ्याला छिद्र पाडून नळी घातली. जन्मभर बँकेत आकडे ताडून पाहणारा मी, ते दिवस फक्त जिभेचा रंग पाहत बसलो. नवव्या दिवशी ती दातांआड गेली.

भाचा आता चालतो. 'मामा' स्पष्ट म्हणतो, ते ओठांचे काम. 'लातूर' म्हणताना मात्र अजून अडखळतो.