झाड न तोडता खेळायचा गोल्फ

नाशिकमध्ये कुणी 'गोल्फ क्लबवर जाऊन येतो' म्हणाले, तर तो गोल्फ खेळायला निघाला असे कुणी समजत नाही. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाची ती जुनी ओळख. तिथे लोक सकाळी फिरायला जातात, क्रिकेट बघतात, सभा ऐकतात. आमच्या विंचूरच्या चौफुलीवर बोलणे होते ते कांद्याच्या भावाचे आणि द्राक्षांवरच्या फवारणीचे. त्यामुळे 'मी परदेशात गोल्फ खेळून आलो' असे सांगितल्यावर मित्र हसले. पण हा गोल्फ वेगळा आहे. त्याला काठी लागत नाही, चेंडू लागत नाही, पाणी पिणारी हिरवळ लागत नाही. त्याला झाडे लागतात.

माझी थोरली लेक फिनलंडमधल्या तांपेरे शहरात राहते. दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या पट्टीवर वसलेले हे शहर. २०२४च्या जुलैत मी तिच्याकडे होतो. तिथे त्या दिवसांत सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवणे उरकल्यावरही दिवस शिल्लक असतो. नातू म्हणाला, "नाना, चला, तबकड्या फेकायला जाऊ." घरामागच्या रानात नऊ टोपल्यांचे एक छोटे मैदान होते. मैदान म्हणायचे एवढेच. सगळीकडे पाइन, स्प्रूस आणि पांढऱ्या सालीचे बर्च. पायाखाली ब्लूबेरीची झुडपे, आणि डास आपल्या गोदाकाठाला लाजवतील असे.

या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. आपण ज्याला उडती तबकडी किंवा फ्रिस्बी म्हणतो, तिचीच ही छोटी, जड आणि धारदार कडेची बहीण. साधारण वीत-सव्वावीत रुंद, वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. दूर फेकायची वेगळी, मधल्या पल्ल्याची वेगळी आणि टोपलीजवळून हळुवार टाकायची वेगळी. मात्र नवख्या माणसाचे एकीवरही भागते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची. तबकडी जिथे पडेल तिथून पुढची. शेवटी लोखंडी खांबावर साखळ्यांची झालर लावलेली टोपली असते. तबकडी साखळ्यांवर आदळून खाली टोपलीत बसली की ते घर संपले. सगळ्यात कमी फेकींत जो सगळी घरे संपवतो तो जिंकतो. नियम दहा मिनिटांत समजतात, हात बसायला मात्र वेळ लागतो.

तबकडी हवेत टिकते ती गिरकीमुळे. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, तसेच हे. उजव्या हाताच्या माणसाने हात छातीशी घेऊन, मनगट सोडवत फेकली, तर वेग आहे तोवर ती सरळ जाते आणि वेग ओसरला की डावीकडे कलते. तोच माणूस नदीच्या पाण्यावर चपटा दगड उडवतो तशी बाजूने फेकील, तर गिरकी उलटी होते आणि तबकडी शेवटी उजवीकडे वळते. म्हणजे समोर झाड असेल तर त्याच्या कोणत्या बाजूने वळसा घ्यायचा हे आधी ठरवायचे आणि फेक त्याप्रमाणे निवडायची. लेक मागून सांगत होती, "अब्बा, जोर नको. फक्त मनगट."

तिचे बरोबर होते. मोकळ्या माळावर जोरदार हाताच्या पोराला फायदा असतो. दाट रानातल्या आखूड मैदानावर टोपली पन्नास-साठ मीटरवरच असते, पण मध्ये दोन खोडांमधली दाराएवढी फट. जोर लावला की तबकडी खोडावर आपटून मागे येते. गझल लिहिणाऱ्याला हे चटकन पटेल. लांब बहरात शब्दांना फिरायला जागा असते, छोट्या बहरात एक शब्द इकडेतिकडे झाला की शेर पडतो. म्हणूनच आजोबा आणि दहा वर्षांचा नातू तिथे बरोबरीने खेळू शकतात. नऊ घरांना मी त्रेचाळीस फेकी घेतल्या, त्याने अडतीस.

हा खेळ आजच्या रूपात आला अमेरिकेत. फ्रेड मॉरिसन या माणसाने तयार केलेली प्लास्टिकची तबकडी १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने बाजारात आणली. पुढे त्याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा टोपल्या नव्हत्या, खांबाला तबकडी लागली की झाले. साखळ्यांची टोपली त्यांनीच नंतर शोधली. २००२ मध्ये हेड्रिक वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा मिसळून तबकड्या बनवण्यात आल्या.

फिनलंडमध्ये हा खेळ रुजला यात नवल नाही. तिथली सत्तर टक्क्यांहून अधिक जमीन जंगलाखाली आहे. शिवाय तिथे एक जुनी रीत आहे. रान कुणाच्याही मालकीचे असो, घराच्या अंगणापासून दूर राहून कुणीही त्यातून चालावे, बोरे आणि अळंबी वेचावीत. अशा देशात नगरपालिकेने आपल्या रानात नऊ टोपल्या उभ्या केल्या, की लोक आपोआप येतात. आम्ही खेळलो तिथे तिकीट नव्हते, फाटक नव्हते, पहारेकरीही नव्हता. २०२५ मध्ये या खेळाची व्यावसायिक जागतिक स्पर्धा युरोपात पहिल्यांदाच झाली, ती याच तांपेरेत आणि शेजारच्या नोकिया गावात. आपल्या हातातल्या जुन्या फोनला नाव मिळाले ते याच गावावरून.

झाडांना काहीच त्रास होत नाही असे मात्र नाही. आपटून आपटून साल सोलवटते, रोजच्या चालण्याने मुळांवरची माती घट्ट होते. म्हणून जाणते लोक अडचणीच्या खोडांना संरक्षण बांधतात आणि अधूनमधून टोपलीची जागा हलवतात. आपल्या देवराईत किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाखरांमध्ये हा खेळ नेऊ नये, हेही उघड आहे.

मग आपल्याकडे कुठे? निफाड तालुक्यात गुंठा गुंठा जमीन पिकाखाली आहे. सर्वांची म्हणून जी उरते ती शाळेचे आवार, ओढ्याचा काठ आणि गायरान. गावोगाव या जागा आक्रसत चालल्या आहेत. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात सांगितले, की गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढून त्या ग्रामसभेला परत द्याव्यात. पण न्यायालयाने परत दिलेली जागाही रिकामी राहिली तर पुन्हा कुणीतरी कुंपण घालतो. जिथे रोज संध्याकाळी माणसे येतात, तिथे कुंपण घालायला हात धजत नाही.

टोपल्या महाग वाटल्या तर हेड्रिकसारखे खांबांपासून सुरू करता येईल. खांबाला लाल फडके बांधले तरी पुरे. आपण झाडाचा हिशेब सावली, फळ आणि लाकूड यांत करतो. फळ नाही, लाकूड कामाचे नाही, वाटेत येते, अशा झाडावर पहिली कुऱ्हाड पडते. या खेळात नेमके तेच वाटेतले झाड हवे असते. ते पडले तर ते घरच बिघडते. म्हणून तिथे खेळणारा प्रत्येक माणूस, आजोबा असो की नातू, नकळत त्या झाडाचा राखणदार होतो.