असईचे बाराशे

बाईंच्या पुस्तकातल्या एका तळटीपेमुळे मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या आर्थर वेल्स्लीच्या फौजेतले मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ लोक मोजले गेले. हा आकडा सगळीच पुस्तकं देतात. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्याकडचे बाराशे मेले, हेही सगळी देतात. बाईंनी तळाशी एवढंच नोंदवलं होतं की बाराशे हा खुद्द वेल्स्लीचा अंदाज आहे, आणि त्या बाराशेंत असलेल्या एकाही गोलंदाजाचं नाव आपल्याला अजून मिळालेलं नाही. दीड ओळीची टीप. पण ती लिहिणाऱ्या व्यक्तीचा दिवस कसा जात असेल, हे मला पाहायचं होतं.

बाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही. शेवटचं पुस्तक येऊन काही वर्षं झाली आहेत आणि पुढचं अजून आकाराला आलेलं नाही. लोकांना वाटतं, या मधल्या काळात लेखक मोकळा असतो. बाईंचा हा काळ सगळ्यात भरगच्च असतो. सकाळी कुकर लावता लावता त्या आदल्या दिवशी आणलेल्या नकला लावतात. एका कागदाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, गाव, माणूस, रक्कम. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत राहतात आणि डबे पलंगाखाली. दुपारी फोन येतात. कुणाकडे पणजोबांची तलवार असते, कुणाला आपल्या घराण्याचा सरदार पानिपतावर होता असं लिहून हवं असतं. बाई प्रत्येकाला एकच विचारतात, घरात कागद आहे का? बहुतेकांकडे नसतो. मग त्या शांतपणे नाही म्हणतात, आणि ते नाही ऐकून माणूस दुखावतो. गणेशोत्सवातल्या व्याख्यानांना त्या जातात, कारण मानधनातून लांबच्या दफ्तरांतल्या नकलांचा खर्च निघतो. लढाईवरच्या मराठी पुस्तकाच्या पैशांत एवढं फिरणं होत नाही. प्रवास एसटीचा, आणि आता बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांचा पल्ला वाढला आहे. हे त्यांनी मला फार आनंदाने सांगितलं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या मला एकदा घेऊन गेल्या. कापडात बांधलेले रुमाल, आत मोडीतले कागद, काही कोटींच्या घरात. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत यातूनच निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी मागे उरलं ते अफाट. रुमालाची गाठ सुटली की एक वास येतो: जुना हातकागद, धूळ, कसली तरी औषधी पूड. घरी गेल्यावरही तो माझ्या बोटांना होता. बाई वेगात वाचतात. नालबंदी, रोजमुरा, दारूगोळा, बैलांची वैरण या नोंदींवरून त्यांचं बोट झरझर पुढे जातं, आणि ‘बालपरवेशी’ दिसली की थांबतं. लढाईत पडलेल्या माणसाच्या बायकामुलांना सरकारातून जी नेमणूक मिळे, ती बालपरवेशी. त्या नोंदीत मेलेल्याचं नाव असतं, बापाचं असतं, कधी कुठे पडला तेही असतं. लढाईच्या इतिहासात सामान्य शिपायाला नाव मिळण्याची ही बहुधा एकमेव जागा, आणि तीही त्याच्या मागे कुणी रडणारं असलं तरच.

असईच्या गोलंदाजांची अडचण इथेच आहे. ते पेशव्यांचे नव्हेत, शिंद्यांच्या कवायती कंपूंतले. शिंद्यांच्या नोकरीतल्या द बॉइन्यने हे कंपू उभे केले आणि त्यांत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई पुष्कळ होते. असईला त्यांचा कारभार पोलमन या हॅनोवरच्या माणसाकडे होता. अशा गोलंदाजाचं घर पुण्याच्या रुमालात कसं सापडणार? तरी बाई पाहतात. “कुणी दक्षिणेतला असेल, कुणाची बायको अर्ज घेऊन आली असेल,” त्या म्हणाल्या. “बाराशेंतला एक मिळाला तरी बाराशे ही नुसती संख्या राहणार नाही.”

इतिहाससंशोधक राजवाड्यांचं नाव त्यांच्या बोलण्यात वारंवार येतं. वाईला मिळालेल्या पत्रांवरून राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, आणि नंतरचं आयुष्य दप्तरं शोधत गावोगाव फिरण्यात घालवलं. बाईंना त्या फिरण्याचं कौतुक आहेच. पण त्यांच्या मते लष्करी इतिहासाला कागद अर्धाच पुरतो, उरलेलं पायांनी वाचावं लागतं. म्हणून सप्टेंबरात, लढाई झाली त्याच दिवसांत, आम्ही संभाजीनगरहून भोकरदनची एसटी धरली.

असई जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. शिंदे-भोसल्यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत मैलोन्‌मैल पसरला होता. वेल्स्लीला वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली, पिंपळगाव आणि वरूड, आणि मधे उतार असणारच असं ताडलं. इंग्रजी पुस्तकांत या तर्काची वाखाणणी आहे. बाईंनी काठावर शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, “मावशी, पलीकडे कुठून जाता?” तिने हात केला आणि म्हणाली, “लेकीबाळी इकडच्या तिकडं दिलेल्या. उतार नसल्यावर कसं व्हईल आक्का?” बाईंनी हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं, तारीख घातली, वेळ घातली.

मग चालणं. सकाळपासून वीसेक मैल तुडवून आलेली वेल्स्लीची फौज उतारावरून पलीकडे गेली आणि पोलमनने आपली सगळी फळी काटकोनात फिरवून तिच्यासमोर आणली. उजवं टोक केळणेकडे, डावं असईच्या मातीच्या कोटाकडे, पुढे तोफा. ही हालचाल ऐन लढाईत, एका दमात झाली. एवढं करू शकणाऱ्या पलटणींना कवायत नव्हती म्हणणं अशक्य आहे, आणि तरी आपल्याकडे शाळेत ‘इंग्रजांची शिस्त, मराठ्यांचा बेबनाव’ एवढंच शिकवलं जातं. शिंद्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या कर्नल कॉलिन्सने तर वेल्स्लीला आधीच बजावलं होतं की शिंद्यांचं पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही थक्क व्हाल.

बाई घड्याळ लावून चालतात. कमरेइतक्या कपाशीतून, काळ्या मातीचे गोळे चपलांना चिकटत असताना, त्या ठरावीक पावलांनी थांबत. “इथे छर्रे लागायला लागतात,” त्या म्हणाल्या, आणि नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. इंग्रजांच्या तोफा इथवर पोचल्याच नाहीत, ओढणारे बैल मारले गेले. वेल्स्लीने त्या मागे सोडून संगिनी पुढे काढल्या. इंग्रजांच्या उजवीकडच्या टोळीचा अंमलदार ऑरॉक भरकटून थेट असईकडे निघाला, ७४ वी हायलँडर पलटण त्याच्यामागे गेली आणि कोटावरच्या तोफांखाली जवळपास सगळी कापली गेली. बाई त्या जागी उकिडव्या बसल्या. बसल्यावर कपाशीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. “नकाशावर चूक वाटते ती इथे बसलं की समजते,” त्या म्हणाल्या. त्या पलटणीला पुढे मानाचं निशाण मिळालं आणि बिल्ल्यावर असईचा हत्ती आला.

मला मात्र गोलंदाज सुटत नाहीत. फळी फुटली, इंग्रज तोफांवरून पुढे गेले, तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्यांच्या पाठीत डागल्या. वेल्स्लीला मागे वळून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. इंग्रजी पुस्तकांत याला अनेकदा दगा म्हटलं आहे. तोफ हीच नोकरी असलेला माणूस ती सोडून पळाला नाही, याला मी दगा म्हणणार नाही, बाईही म्हणत नाहीत. तोफा किती घेतल्या याची गणती झाली, शंभरच्या आसपास. माणसांचा झाला तो अंदाज. बाराशे. १,५८४ च्या यादीतही मद्रासच्या पलटणींतले शिपाई संख्येनेच आहेत, हेही बाई सांगायला विसरत नाहीत.

संध्याकाळी गावात एका तरुणाने घरातून लोखंडी गोळा आणून दाखवला. नांगराला लागला होता. बाईंनी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली. घेर २८ सेंटिमीटरच्या जवळ. शेजारच्या किराणा दुकानात तो तागडीत घातला, गंज धरून अडीच किलोच्या वर भरला. म्हणजे सहा पौंडी. दोन्ही बाजूंकडे सहा पौंडी तोफा होत्या, त्यामुळे नुसत्या गोळ्यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. बाईंनी त्या तरुणाला गोळा विकू नका, तहसीलला कळवा असं सांगितलं आणि विचारायला सुरुवात केली: शिवार कोणतं, बांधापासून किती पावलं, किती खोल, नांगर कुठल्या दिशेने चालला होता, जवळ आणखी काही निघालं का. तो म्हणाला, मावशी, चला ना, दाखवतोच. भोकरदनची शेवटची गाडी तासाभरात होती. बाईंनी मला स्टँडवर जाऊन ती थांबवून ठेवायला सांगितलं आणि टेप, वही घेऊन त्याच्या मोटरसायकलवर मागे बसल्या.