जुन्या काँटेसाला नवं इंजिन: स्विफ्टचं की इसुझूचं?

धाराशिवला काकांच्या दारात जुनी काँटेसा उभी आहे, इंजिन जाम झालेलं. मित्र म्हणाला, "भंगारातलं स्विफ्टचं इंजिन टाक की!" मोबाईलवर व्हिडिओ बघून मीही तयार झालो होतो. पण थांबा.

काँटेसाचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरवतं. स्विफ्टचं आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ते टाकायचं तर गिअरबॉक्स, माउंटिंग, वायरिंग सगळंच बदलावं लागतं. खर्च गाडीच्या किमतीपुढे जाऊ शकतो.

मग काय? उत्तर कंपनीनंच देऊन ठेवलंय. सुरुवातीच्या काँटेसात १.५ लिटरचं, साधारण ५० बीएचपीचं इंजिन होतं. एवढ्या जड गाडीला ते कमी पडायचं. म्हणून पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, सोबत पाच गिअर. मीही तोच जोड शोधतोय, इंजिन गिअरबॉक्ससकट.

एक लक्षात ठेवा: आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. जुन्या इंजिनाची पावती, कागद नसतील तर ते घेऊच नका. अपघात झाला तर विम्याचा क्लेम तिथंच अडकतो.