चांदणी चौकातला टाउन हॉल : जरा थांबून बघा

दिल्लीला येणारी आपली माणसं लाल किल्ला बघतात, पराठेवाल्या गल्लीत खातात, खरेदी करतात आणि परततात. वाटेत एक मोठी पिवळी इमारत लागते, तिच्यासमोर कुणी थांबत नाही. दिल्लीत माझं दोनदा पोस्टिंग झालं, तेव्हा मीही थांबलो नव्हतो. निवृत्तीनंतर नोएडात स्थायिक झालो आणि पाहुण्यांना फिरवता फिरवता थांबायला लागलो. तो आहे दिल्लीचा जुना टाउन हॉल.

मेट्रोने लाल किला स्टेशनला उतरा आणि किल्ल्याकडे पाठ करून सरळ चालत निघा. आधी जैन लाल मंदिर, मग गौरीशंकर मंदिर. हे मंदिर मराठा सरदार आपा गंगाधर यांनी बांधलं, असं सांगितलं जातं. आपल्या माणसांनी तिथे जरूर डोकवावं. पुढे शीशगंज गुरुद्वारा. १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचं बलिदान इथेच झालं. आणखी पुढे गेलात की उजव्या हाताला टाउन हॉल.

आता या जमिनीचा इतिहास ऐका. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने इथे प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली होती. मागे बाग, पुढे चौक आणि चौकात पाण्याचा हौद. हौदात चांदणं पडायचं, म्हणून तो चांदणी चौक. पुढे अख्ख्या रस्त्यालाच ते नाव मिळालं. १८५७ नंतर इंग्रजांनी सराई पाडली आणि १८६० च्या दशकात ही इमारत उभी केली. सुरुवातीला ती लॉरेन्स इन्स्टिट्यूट होती. पुढे नगरपालिकेने घेतली. जवळजवळ दीड शतक दिल्लीचा कारभार इथून चालला. मग महापालिका मिंटो रोडजवळच्या उंच सिव्हिक सेंटरमध्ये गेली.

हॉलसमोर पूर्वी घंटाघर होतं. १९५१ मध्ये त्याचा काही भाग कोसळून माणसं दगावली; नंतर ते उतरवलं गेलं. व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तोही स्वातंत्र्यानंतर गेला. त्या जागी आज स्वामी श्रद्धानंद उभे आहेत. मी पाहुण्यांना सगळ्यात जास्त वेळ इथेच उभं करतो.

३० मार्च १९१९. रौलट कायद्याविरुद्ध दिल्लीत हरताळ होता. आधी रेल्वे स्टेशनजवळ, मग या टाउन हॉलच्या परिसरात जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. संध्याकाळी स्वामीजी लोकांना घेऊन घंटाघराशी आले, तेव्हा गुरखा सैनिकांनी संगिनी रोखल्या. भगवी वस्त्रं घातलेल्या त्या संन्याशाने छाती पुढे केली आणि म्हटलं, चालवा गोळी. गोळी चालली नाही.

ही गोष्ट सगळे स्वामीजींच्या बाजूने सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण मंडळी, मी इन्फन्ट्रीचा माणूस. माझी नजर समोरच्या रांगेकडेही जाते. कारण त्या रांगेत मी उभा राहिलोय.

कॅप्टन असताना एका गावात दंगल झाली आणि माझी तुकडी बोलावली गेली. याची एक पद्धत असते. प्रशासनाने मागणी करायची, मॅजिस्ट्रेट सोबत हवा, आधी ताकीद द्यायची आणि बळ वापरायचं ते कमीत कमी. कागदावर सोपं वाटतं. समोर चारपाचशे माणसं, दगड येतायत, जवान माझ्या तोंडाकडे बघतायत. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ गर्दीतून निघून सरळ आमच्याकडे चालत आले. मी एवढंच म्हणालो, "रुको." ते म्हणाले, "बच्चे हैं साहब, मैं ले जाता हूँ." आणि खरंच घेऊन गेले. एकही गोळी सुटली नाही. पण ती पंधरा-वीस पावलं मला आजही आठवतात. माझ्या तोंडून दुसरा शब्द गेला असता, तर?

म्हणून सांगतो, टाउन हॉल आणि हा पुतळा एकत्र बघा. शहराचं गाऱ्हाणं ऐकायची जागा म्हणजे टाउन हॉल. तिथे ऐकणं बंद झालं की माणसं रस्त्यावर येतात आणि त्यांच्यासमोर वर्दीतल्या पोरांना उभं करावं लागतं.

आता थोडी व्यवहाराची माहिती. इमारत बाहेरूनच बघायची तयारी ठेवा. मुंबई महापालिकेच्या १८९३ च्या इमारतीत २०२१ पासून हेरिटेज वॉक सुरू झाला, तसं इथेही व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. सकाळी लवकर या. समोर कबुतरांना दाणे टाकणारे भेटतील. सकाळी नऊ ते रात्री नऊ या रस्त्यावर मोटारींना बंदी असते, त्यामुळे आजी-आजोबांनाही निवांत चालता येतं. नाहीतर सायकलरिक्षा आहेच.

पुतळ्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. मग पराठे खायला जा.

जय हिंद.